हिरवी वाट

रस्ता सर्वांचा असतो, असे आपण शाळेत नागरिकशास्त्राच्या पुस्तकात शिकलो. अनुभव मात्र वेगळेच सांगतो. ट्रक आला की मोटार बाजूला सरते, मोटार आली की रिक्षा, रिक्षा आली की सायकल. आणि या सर्वांनी मिळून पायी चालणाऱ्याला गटाराच्या कडेला नेऊन ठेवलेले असते. जो जितका मोठा आणि वेगवान, त्याचा रस्त्यावर तितका अधिकार, हा अलिखित कायदा आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की त्यात काही वावगे आहे असेही आपल्याला वाटेनासे झाले आहे. हा कायदा उलटा करून ठेवलेली एक वाट मला २०१९ च्या मे महिन्यात फ्रान्सच्या ग्रामीण भागात भेटली. त्या वाटेविषयी, आणि तिने आमच्या घरातील एका जुन्या भीतीचे काय केले त्याविषयी, चार शब्द लिहावेत असे बरेच दिवस मनात होते.

आमची धाकटी मुलगी नोकरीनिमित्त लियों शहरात राहते. निवृत्तीनंतर आम्ही उभयता प्रथमच तिच्याकडे गेलो. पॅरिस झाले, लूर्दची यात्रा यथासांग पार पडली. मग एके सकाळी ती म्हणाली, “डॅडी, शहरे पुष्कळ पाहिलीत. आता तुम्हां दोघांना खेड्यांतला फ्रान्स दाखवते. पण तो मोटारीतून नीट दिसत नाही. सायकलवरून दिसतो.” मी पत्नीकडे पाहिले. ती काहीच बोलली नाही.

सायकल हा विषय आमच्या घरात अठ्ठावीस वर्षे कोणी काढत नसे. माझी पत्नी प्राथमिक शाळेत शिक्षिका होती आणि वसईतल्या अनेक शिक्षिकांप्रमाणे सायकलवरून शाळेत जात असे. त्या काळी आमच्या भागात सायकल हेच सर्वांचे वाहन होते. पहाटे भाजीच्या टोपल्या आणि विड्याच्या पानांचे करंडे सायकलवरूनच स्टेशनकडे जात. आजाऱ्याला भेटायला निघालेले फादरही सायकलवरूनच जात. १९९१ च्या पावसाळ्यात शाळेतून परतत असताना मागून आलेल्या एका पाण्याच्या टँकरचा तिला धक्का लागला. ती रस्त्याकडेच्या खड्ड्यात पडली, उजवा हात मोडला, तपासायला आणलेल्या मुलांच्या वह्या चिखलात विखुरल्या. टँकर थांबला नाही. हात दोन महिन्यांत बरा झाला. मात्र रस्त्याने पायी जातानाही दर दहा पावलांनी मागे वळून पाहण्याची सवय तिला त्या दिवसापासून जी लागली ती सुटली नाही. सायकल मागच्या पडवीत गंजत राहिली आणि शेवटी भंगारवाल्याने नेली.

लियोंच्या उत्तरेला बर्गंडीचा प्रदेश लागतो. तेथे सोन-ए-लुआर नावाच्या जिल्ह्यात लहान लहान टेकड्या आहेत, उतारांवर द्राक्षमळे आहेत आणि कुरणांत शारोले जातीच्या पांढऱ्या धिप्पाड गाई चरत असतात. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये रेल्वेचे जाळे आडबाजूच्या गावांपर्यंत पसरले. १८७९ साली सार्वजनिक बांधकाम मंत्री शार्ल द फ्रेसिने यांनी तर लहानसहान तालुक्याची गावेही रेल्वेने जोडण्याची योजना हाती घेतली. शालों आणि माकों या दोन शहरांना क्लुनीमार्गे जोडणारा लोहमार्ग याच शतकातला. पुढे विसाव्या शतकात बस आली, घरोघरी मोटार आली, गाड्या रिकाम्या धावू लागल्या आणि देशभरातील असे कितीतरी मार्ग एकामागून एक बंद झाले. रूळ उखडले गेले. मागे राहिला तो गवत माजलेला लांबच लांब पट्टा.

असा पट्टा तुकड्यातुकड्यांनी विकून टाकणे ही सर्वांत सोपी गोष्ट. शेजारच्या शेतकऱ्याला थोडी जमीन मिळते, सरकारला थोडा पैसा मिळतो आणि पुन्हा कधीही जुळून न येणारी सलग वाट कायमची नाहीशी होते. येथे तसे होऊ दिले गेले नाही. आपल्याकडील जिल्हा परिषदेसारखी जी संस्था तेथे असते तिने हा मार्ग हाती घेतला, त्यावर गुळगुळीत डांबर घातले आणि १९९७ साली जिव्री ते क्लुनी ही ४४ किलोमीटरची वाट लोकांसाठी खुली केली. फ्रान्समधील ही पहिली ‘व्वा व्हेर्त’, म्हणजे हिरवी वाट. पुढे ती दोन्ही टोकांनी वाढत शालों आणि माकोंपर्यंत पोहोचली. २००४ साली फ्रान्सच्या वाहतूक कायद्यात अशा वाटांना स्वतंत्र व्याख्या मिळाली. मोटार नसलेली वाहने, पादचारी आणि घोडेस्वार, एवढ्यांसाठीच ती राखीव. वाटेच्या तोंडाशी निळा चौकोनी फलक असतो. त्यावर पायी चालणाऱ्याचे आणि सायकलस्वाराचे चित्र असते. कोणाला येथे मज्जाव आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

जुना लोहमार्ग या कामी किती योग्य ठरतो हे त्यावर सायकल चालवल्यावरच ध्यानी येते. आगगाडीच्या इंजिनाला उभा चढ चढवत नाही. त्यामुळे अभियंत्यांनी टेकडी कापून, खळग्यात भराव घालून सारा मार्ग जवळजवळ सपाट ठेवलेला असतो. वळणे मोठी आणि सावकाश असतात. पूल आणि बोगदे आयतेच मिळतात. पाच-सात किलोमीटरवर एखादे जुने स्टेशन लागते. तेथे आज बाके असतात, सावली असते, कोठे उपाहारगृह असते. फाटकवाल्याची इवलीशी घरेही अधूनमधून दिसतात. वाफेच्या इंजिनासाठी ज्यांनी हे सारे केले, त्यांना आपण एके दिवशी म्हाताऱ्या गुडघ्यांची सोय करून ठेवत आहोत याची कल्पनाही नसेल.

आम्ही क्लुनीला मुक्काम केला. पहिल्या संध्याकाळी पत्नी सायकलला हातही लावायला तयार नव्हती. मुलगी आणि नातू सायकलवरून पुढे गेले, आम्ही दोघे पायीच निघालो. थोड्या अंतरावर एका बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांकडे पाहू लागलो. ऐंशीच्या घरातली एक वृद्धा पुढच्या टोपलीत पाव घेऊन संथपणे सायकल चालवत गेली. पायडल नसलेल्या लाकडी सायकलवर एक तीनएक वर्षांचे मूल पायांनी जमीन ढकलत गेले. त्याची आई बरीच मागे होती आणि तिला त्याची काळजी वाटत असल्याचे दिसत नव्हते. एक तरुण चाकांच्या खुर्चीत बसून, हातांनी चाके फिरवत आपल्या मित्रांबरोबर गप्पा मारीत गेला. हे पाऊण तास चालले होते. नंतर पत्नी उठली. मुलगी परत आली तेव्हा तिच्या हातातली सायकल तिने न बोलता घेतली. मी धरायला पुढे झालो, तर मला म्हणाली, “तुम्ही बाजूला व्हा.”

पहिली शंभर पावले चाक डगमगले. ती सारखी मागे वळून पाहत होती आणि वळली की तोल जात होता. मग थोडी सरळ गेली. शेवटी वळणापाशी थांबली आणि मी गाठल्यावर म्हणाली, “अहो, मागून काहीच येत नाही हो.” या एका वाक्यात काय होते ते मलाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उत्तरेकडे तेझेला निघालो. क्लुनीहून तेझे सुमारे दहा किलोमीटर. ग्रोन नावाची लहानशी नदी त्या खोऱ्यातून वाहते आणि वाट तिच्या आसपासच राहते. मोटारीचा आवाज नसला की कानांना किती गोष्टी ऐकू येतात! पक्षी, गाईंच्या गळ्यातला घर्घर श्वास, दूरच्या चर्चची घंटा, आणि आपल्याच सायकलच्या साखळीचा बारीक सूर. समोरून येणारा प्रत्येक जण ‘बोंझूर’ म्हणतो. मोटारीत बसलेला माणूस समोरच्या मोटारीतल्या माणसाला असे कधी म्हणत नाही; दोघांच्या मध्ये काच असते आणि वेग असतो. येथे दोन्ही नाहीत, म्हणून चेहरा दिसतो.

तेझेचे नाव आपल्या वाचकांना परिचयाचे असेल. तेथील स्तोत्रांच्या चाली आपल्याकडच्या प्रार्थनासभांतही ऐकू येतात. ब्रदर रोजर हे स्वित्झर्लंडचे प्रॉटेस्टंट तरुण. वय अवघे पंचवीस. १९४० साली, दुसरे महायुद्ध पेटलेले असताना, ते जिनिव्हाहून या भागात आले ते सायकलवरून. भंगलेल्या ख्रिस्ती ऐक्यासाठी आणि युद्धाने बेघर झालेल्यांसाठी काहीतरी करावे ही तळमळ मनात होती. तेझे या जवळजवळ ओस पडलेल्या गावात त्यांनी एक घर घेतले. जिंकलेला आणि न जिंकलेला फ्रान्स यांना विभागणारी सीमारेषा जवळच होती. तेथे त्यांनी निर्वासितांना, त्यांत ज्यू लोकांनाही, आसरा दिला. युद्ध संपल्यावर जवळच्या छावणीतील जर्मन कैद्यांनाही त्यांनी आपल्या घरी बोलावले. आज तेथे कॅथॉलिक आणि प्रॉटेस्टंट ब्रदर एकत्र राहतात आणि जगभरचे तरुण दर आठवड्याला येतात. १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनीही तेझेला भेट दिली. २००५ साली सायंप्रार्थनेच्या वेळी, त्याच प्रार्थनामंदिरात, एका महिलेने केलेल्या हल्ल्यात ब्रदर रोजर यांचा अंत झाला. ते नव्वद वर्षांचे होते.

हे सर्व मी पूर्वी वाचले होते. परंतु तो माणूस सायकलवरून आला होता, या गोष्टीकडे मी कधी लक्ष दिले नव्हते. तेझे गाव टेकडीवर आहे; हिरवी वाट खाली राहते आणि गावात जायला चांगलाच चढ लागतो. आम्ही सायकली हातांनी ढकलत वर नेल्या. धापा टाकत वर पोहोचलो तेव्हा मनात आले की, मोटारीतून येणाऱ्याला हे घर ‘विकाऊ मालमत्ता’ म्हणून दिसले असते. ज्याने प्रत्येक चढ पायांनी मोजला, प्रत्येक गावात थांबून पाणी मागितले, त्याला त्या गावातली माणसे दिसली. दुपारच्या प्रार्थनेला आम्ही बसलो. गीतानंतरची ती दीर्घ शांतता मला वेगळी वाटली नाही. सकाळपासून आम्ही तिच्यातूनच आलो होतो.

तिसऱ्या दिवशी क्लुनीतच सकाळ घालवली. ९१० साली अ‍ॅक्विटेनच्या ड्यूक विल्यमने येथे बेनेडिक्टाइन मठ स्थापन केला. १०८८ मध्ये मठाधिपती संत ह्यू यांनी ज्या महामंदिराचे काम सुरू केले, ते पूर्ण झाले तेव्हा १८७ मीटर लांबीचे होते. रोममधील आजचे संत पेत्राचे महामंदिर उभे राहीपर्यंत ख्रिस्ती जगात याहून मोठे मंदिर नव्हते. आपण २ नोव्हेंबरला दफनभूमीत जाऊन आप्तांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतो, त्या प्रथेचे मूळही येथेच आहे. क्लुनीचे पाचवे मठाधिपती संत ओदिलो यांनी आपल्या मठांसाठी सर्व मृतांच्या स्मरणाचा हा दिवस ठरवून दिला आणि तेथून तो सगळ्या ख्रिस्तसभेत पसरला. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर मठ विकला गेला आणि सुरुंग लावून, दगड विकून ते महामंदिर पाडण्यात आले. आज त्याचा जेमतेम दहावा हिस्साही उरलेला नाही. एका बाहूवरचा अष्टकोनी मनोरा तेवढा उभा आहे.

पाडलेले मंदिर पाहून बाहेर पडलो आणि बंद पडलेल्या रेल्वेच्या वाटेला लागलो. दोन्ही एकाच गावात. एक जण जे नको झाले ते मोडून विकतो; दुसरा जे नको झाले ते जपून ठेवतो आणि त्याला नवे काम देतो. हा फरक पैशाचा किंवा तंत्रज्ञानाचा नाही. तो ठरवण्याचा आहे.

क्लुनीच्या दक्षिणेला ब्वा क्लेर नावाचा सुमारे १६०० मीटर लांबीचा रेल्वेचा बोगदा आहे. आता त्यातून हिरवी वाट जाते. आत दिवे आहेत आणि मे महिन्यातही अंगावर काटा यावा इतका गारवा आहे. हिवाळ्यात हा बोगदा बंद ठेवतात, कारण त्यात वटवाघळे थंडीची झोप घेतात. तेवढे महिने माणसांनी टेकडीवरून वळसा घालून जावे. वटवाघळांसाठी माणसाने वाट सोडावी, हे ऐकून नातवाला फार गंमत वाटली. १९८१ पासून धावणारी पॅरिस-लियों अतिजलद रेल्वे याच टेकड्यांमधून जाते. तिच्याविषयी माझी काही तक्रार नाही. आम्हीही पॅरिसहून तिनेच आलो होतो. पण तिच्या खिडकीतून हा मुलूख म्हणजे हिरव्या रंगाचे दोन-चार पट्टे होते. बोगद्यापलीकडे बेर्झे-ला-व्हिल या गावात क्लुनीच्या मठवासीयांचे छोटे चॅपेल आहे आणि त्यात बाराव्या शतकातील भित्तिचित्रे आहेत. सिंहासनाधिष्ठित ख्रिस्ताच्या त्या चित्रासमोर आम्ही बराच वेळ उभे होतो.

त्या बोगद्यात एक गोष्ट घडली. मागून घंटी वाजली आणि तिचा आवाज कमानीत घुमला. माझ्या छातीत धस्स झाले. मी पत्नीकडे पाहिले. ती थोडी उजवीकडे सरली आणि मागे न पाहता पायडल मारत राहिली. दोन शाळकरी मुली ‘मेर्सी’ म्हणत पुढे निघून गेल्या.

अशा वाटा आता फ्रान्सभर आहेत. साऱ्याच रेल्वेच्या नाहीत. पुष्कळशा कालव्यांच्या काठच्या आहेत. पूर्वी माणसे आणि घोडे काठावरून चालत दोरखंडांनी होड्या ओढत. ती पायवाट सायकलला अगदी सोयीची ठरते. ब्रिटनीत नान्त ते ब्रेस्त हा ३६४ किलोमीटरचा कालवा आहे. विसाव्या शतकात गेर्लेदांच्या धरणाने तो मध्येच तोडला, त्यामुळे होडीने तो सलग पार करता येत नाही. मात्र त्याच्या काठची वाट लोकांनी पुन्हा जोडून घेतली आहे. लूर्दला जाणाऱ्या आपल्या यात्रेकरूंना हे सांगायला हवे की, त्या गावातून पिरेनीजच्या डोंगरांकडे पियेरफित-नेस्तालासपर्यंत जुन्या लोहमार्गावरून सुमारे सतरा किलोमीटरची अशीच वाट जाते. आणि जेथे हिरवी वाट नाही, तेथेही खेड्यांना जोडणारे अरुंद रस्ते बहुधा रिकामे असतात. गावाबाहेर सायकलस्वाराला ओलांडून जाताना मोटारीने दीड मीटर अंतर सोडलेच पाहिजे, असा तेथे कायदा आहे.

नैर्ऋत्य फ्रान्समध्ये लाबास्तीद-दार्मान्याक नावाचे गाव आहे. तेथे आम्हाला जाता आले नाही, पण मुलीने त्याची हकिगत सांगितली. फादर जोझेफ मासी या सायकलप्रेमी धर्मगुरूंनी १९५९ साली एका जुन्या, दुर्लक्षित चॅपेलला ‘सायकलस्वारांची माता मरिया’ असे नवे नाव मिळवून दिले. इटलीत गिसाल्लोच्या मातेला पोप बारावे पायस यांनी १९४९ साली सायकलस्वारांची आश्रयदात्री घोषित केले होते. तिच्यावरून त्यांना ही कल्पना सुचली. आज त्या चॅपेलच्या भिंतींवर नामांकित शर्यतपटूंनी अर्पण केलेले सदरे टांगलेले आहेत. त्याच परिसरातून जुन्या लोहमार्गावरची एक हिरवी वाटही जाते. शर्यत जिंकणाऱ्यांचे सदरे तेथे आहेत हे चांगलेच. पण पाव आणायला निघालेल्या ऐंशी वर्षांच्या आजीवरही त्या मातेची कृपादृष्टी असणारच.

प्रभू येशू आयुष्यभर चालला. अम्माऊसच्या वाटेवर तो शिष्यांना भेटला तेव्हाही त्यांच्याच चालीने त्यांच्याबरोबर चालत राहिला. सोबत करायची तर सर्वांत सावकाश चालणाऱ्याच्या गतीने चालावे लागते. कोणत्याही चांगल्या घरात हा नियम पाळला जातो; आजोबांचा हात धरून मिस्सेला जाणारे मूल आजोबांच्या चालीनेच चालते. फ्रान्समधल्या त्या वाटेवर मला एवढेच दिसले की, एखादा समाज हा घरचा नियम रस्त्यालाही लावू शकतो. त्यासाठी त्याला नवी जमीन लागली नाही. जी होती ती त्याने मोडू दिली नाही.

आपल्या गावांतून बंद पडलेले लोहमार्ग नाहीत. परंतु वाड्यांमधून जाणाऱ्या, केळीच्या बागांना आणि बावखलांना वळसा घालून चर्चपर्यंत पोहोचणाऱ्या अरुंद वाटा अजून काही ठिकाणी शिल्लक आहेत. त्यांतील एखादी दर वर्षी कोठेतरी कुंपणात जाते, एखादी मोटारीसाठी रुंद होते. एकेक तुकडा गेला तर कोणाचे फारसे बिघडत नाही, म्हणून कोणी हरकतही घेत नाही. धर्मग्रामाच्या पुढच्या सभेत रस्ते रुंद करण्याचा विषय निघेल तेव्हा, यांपैकी एक तरी वाट मोटारीविना, सलग, शाळेपासून चर्चपर्यंत राखता येईल का, एवढा प्रश्न कोणीतरी विचारावा. आमच्या घरातून तो विचारला जाणार आहे. कोण विचारणार, हे ठरलेले आहे. तिने नवी सायकल घेतली आहे.